तत्त्वतः येतो

मराठी माणूस निरोप घेताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. चपलेत पाय सरकवत, पाठ फिरवता फिरवता तो "बरंय, येतो" असं म्हणतो आणि चक्क निघून जातो. यजमानालाही त्यात काही वावगं वाटत नाही. आता याच क्रियापदाच्या आधी 'उद्या' एवढा एकच शब्द ठेवून पाहा. 'उद्या येतो' म्हणताच क्रियापद तोंड फिरवतं आणि जाणारा माणूस खरोखरच येणारा होतो. 'दहा मिनिटांत येतो' म्हटलं तर तो अजून आंघोळीलाही गेलेला नाही असं समजायचं. 'बहुतेक येतो' म्हटलं तर येत नाही, आणि 'येतो कधीतरी' म्हटलं तर या जन्मी येत नाही. प्रत्येक ठिकाणी क्रियापद तेच, काळ तोच, कर्ताही तोच. तरी जाणं, येणं, न येणं आणि येण्याची गोष्टही न काढणं एवढे सगळे अर्थ त्यातून निघतात, आणि ते काढतं कोण? तर व्याकरणाच्या पुस्तकात ज्याला मागच्या बाकावर बसवलेलं असतं ते क्रियाविशेषण. क्रियापद हा वाक्यातला नवरदेव आहे. त्याच्यावाचून लग्न लागत नाही हे खरं, पण मुहूर्त कधीचा, कार्यालय कुठलं, जेवणात जिलबी की मठ्ठा यातलं त्याला कोणीही काहीही विचारत नाही. हे सगळं केव्हा, कुठे, कसं आणि किती या चार प्रश्नांची उत्तरं देणारी माणसं ठरवतात, आणि व्याकरणात त्या माणसांचं आडनाव क्रियाविशेषण.

शाळेत मात्र हा कारभार कोणी सांगत नाही. वाक्यपृथक्करण करताना उद्देश्य, विधेय, कर्म अशा मानकऱ्यांना आधी पाट मांडले जातात आणि 'काल रात्री', 'घाईघाईने', 'मागच्या दाराने' ही मंडळी 'विधेयविस्तार' नावाच्या रकान्यात कोंबली जातात. विस्तार म्हणजे मूळ घराला मागाहून काढलेली पडवी. असली तर बरी, नसली तरी घर उभंच. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सिद्ध केलं, आणि शब्दांच्या आठ जाती तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आल्या. चार विकारी, चार अविकारी. क्रियाविशेषण अविकारींच्या चाळीत राहतं, कारण ते अव्यय: लिंग बदलो, वचन बदलो, त्याच्यात फरक पडत नाही. निदान पाटीवर तरी असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात 'तो चांगला गातो' आणि 'ती चांगली गाते' या दोन वाक्यांत 'चांगला' आणि 'चांगली' गाण्याचंच वर्णन करतात, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं, पण गाणारा बदलला की रूप बदलतं. यावर वैयाकरणांनी तोडगा काढला तो असा, की हे क्रियाविशेषण आहे, पण क्रियाविशेषण अव्यय नाही. सोसायटीत राहतो, पण सभासद नाही, असा हा प्रकार. 'खाली', 'वर', 'मागे', 'पुढे' यांची तऱ्हा आणखी निराळी. एकटं असेपर्यंत 'खाली' हे क्रियाविशेषण. पलंगाला चिकटून 'पलंगाखाली' झालं की ते शब्दयोगी. आणि 'मांजर पलंगाखाली झोपलं' या वाक्यात तो अख्खा 'पलंगाखाली' पुन्हा क्रियाविशेषणाचंच काम करतो. पक्ष बदलूनही खातं तेच मिळवण्याची कला महाराष्ट्राला कुठून आली, याचा शोध घेणाऱ्यांनी शब्दयोगी अव्ययांचं प्रकरण जरूर वाचावं.

पण चिकटण्याच्या या कलेला दोष देण्याआधी मराठी क्रियापदाची कुवत पाहिली पाहिजे. आपलं क्रियापद स्वभावानं गरीब आहे. उदाहरणार्थ 'पडणे'. जगात जे काही वरून खाली येतं ते मराठीत पडतं, एवढंच क्रियापदाला ठाऊक. कसं पडतं हे सांगायला दुसरं कोणी लागतं. आंबा टपकन पडतो, पोतं धपकन पडतं, वाटी खणकन पडते, दार धाडकन पडतं, पान अलगद पडतं आणि उमेदवार सपशेल पडतो. चालण्याचंही तेच. इंग्रजीत लंगडत चालण्याला 'लिंप', रमतगमत चालण्याला 'स्ट्रोल', चवड्यांवर चालण्याला 'टिपटो' अशी चालीगणिक वेगळी क्रियापदं सापडतात. मराठी माणूस या सगळ्या ठिकाणी नुसता चालतो आणि चालीचा हिशेब क्रियाविशेषणावर सोपवतो. लंगडत, डुलत, तुरुतुरु, झपाझप, पाय ओढत, नाकासमोर. यातली निम्मी मंडळी तर पूर्वाश्रमीची क्रियापदंच. 'लंगडणे', 'डुलणे', 'ओढणे' यांनी 'त' प्रत्यय घेतला, कर्त्याच्या मागे धावणं सोडलं आणि क्रियाविशेषण होऊन ती सुखी झाली. म्हणजे मराठीत क्रियापदाला एखादं नेमकं काम करावंसं वाटलं, तर आधी क्रियापदपणाचा राजीनामा द्यावा लागतो. आणि ज्यांचा जन्मच मुळी आवाजातून झाला ती 'खटकन', 'टुणकन', 'बदकन', 'झटदिशी' ही अव्ययं तर शब्द कमी आणि चित्र जास्त. 'बेडूक पाण्यात गेला' ही बातमी आहे. 'बेडूक डुबकन पाण्यात गेला' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या अंगावर शिंतोडे येतात.

त्यात मराठी वाक्याची रचना अशी, की क्रियापद शेवटी येतं आणि त्याच्या आधीची सगळी जागा क्रियाविशेषणांना मोकळी मिळते. समजा, कोणी सांगायला लागलं, 'काल मध्यरात्रीनंतर, कुणालाही न सांगता, मागच्या दाराने, चपला हातात घेऊन, कुत्रंसुद्धा भुंकणार नाही अशा बेतानं तो घरातून...' इथंच सांगणाऱ्याला ठसका लागला आणि क्रियापद राहून गेलं, तरी श्रोत्यांचं काय अडतं? गोष्ट पोचली, चेहरे गंभीर झाले, एकानं तर 'मुलगी कुठली' अशी चौकशीही सुरू केली. 'निघाला' हा शेवटचा शब्द म्हणजे दस्तऐवजाखालची सही. लागते खरी, पण ती वाचत कोणी नाही. सरकारी पत्रांनी हे फार पूर्वी ओळखलं. 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने, प्रचलित नियमांस अनुसरून, निधीच्या उपलब्धतेनुसार, यथावकाश योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' यातलं 'करण्यात येईल' ऐकून अर्जदार क्षणभर सुखावतो. क्रियापदावर विश्वास ठेवणाऱ्या भोळ्या माणसांपैकी तो एक. मुरलेला अर्जदार 'निधीच्या उपलब्धतेनुसार' पाशीच थांबतो, पत्राची घडी घालतो आणि घरी जातो. दोघांनीही तेच वाक्य वाचलं, पण एकानं विधेय वाचलं आणि दुसऱ्यानं विधेयविस्तार.

यावर व्याकरणाचे शिक्षक पहिला आक्षेप घेतील तो असा, की हे सगळं ठीक, पण क्रियाविशेषण काढून टाकलं तरी वाक्य वाक्यच राहतं आणि क्रियापद काढलं तर राहत नाही, मग मोठं कोण? आक्षेप वजनदार आहे, पण सगळीकडे टिकणारा नाही. 'वागणे' हे क्रियापद घ्या. 'तो वागतो' एवढंच म्हणून थांबून पाहा. समोरचा माणूस पुढच्या शब्दाची वाट बघत राहील. नीट वागतो, वाईट वागतो, शहाण्यासारखा वागतो, काहीतरी सांगा! 'ते राहतात' म्हटलं की 'कुठे?' हा प्रश्न आलाच, आणि 'पुण्यात' म्हटल्याशिवाय तो शमत नाही. म्हणजे काही घरांत ही पडवी काढली की छप्परच खाली येतं. आणि जिथं व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्य उभं राहतं, तिथंही अर्थाचं काय होतं ते पाहावं. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी सगळ्या महाराष्ट्राला परिचयाची आहे. तिच्यातलं 'कोठेही' पुसून टाका. 'आमची शाखा नाही' हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे, खरं आहे आणि केविलवाणं आहे. दुकानदार बिचारा शाखा काढू शकला नाही, अशी हळहळ वाटते. 'कोठेही' परत लिहा, की तोच दुकानदार ताठ उभा राहतो आणि शाखा काढणारे लोक थिल्लर ठरतात. एवढा अभिमान एका स्थलवाचक अव्ययात मावतो. 'येथे थुंकू नये' या पाटीचं उलट. तिथला 'येथे' इतका नेमका असतो, की नागरिक आज्ञाधारकपणे दोन पावलं सरकून पलीकडे थुंकतो.

हे फक्त पाट्यांपुरतं आहे असं म्हणणाऱ्यांनी कायदा उघडावा. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेनं सुरुवातीलाच शब्दांच्या व्याख्या दिल्या आणि त्यांत क्रियाविशेषणांना मानानं बसवलं. कलम २४ 'अप्रामाणिकपणे' या अर्थाच्या शब्दासाठी, कलम २५ 'कपटाने' साठी, कलम ३९ 'इच्छापूर्वक' साठी. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली, पण या तीन क्रियाविशेषणांच्या व्याख्या तिलाही सोडता आल्या नाहीत. कारण उघड आहे. देवळाबाहेरून एक माणूस दुसऱ्याची चप्पल घालून निघतो. क्रिया काय? 'घालून निघणे'. यात गुन्हा आहे का? क्रियापदाला विचारलं तर ते गप्प बसतं. 'चुकून' घालून निघाला असेल तर वेंधळेपणा, 'अप्रामाणिकपणे' घालून निघाला असेल तर चोरी. एकाला देवळात परत जाऊन चप्पल ठेवावी लागते आणि दुसऱ्याला वकील द्यावा लागतो. पैसे घेणं हासुद्धा गुन्हा नाही, जगातला सगळा व्यवहार त्यावर चालतो. 'टेबलावरून' घेतले तर पावती मिळते, 'टेबलाखालून' घेतले तर काम होतं. न्यायालयात वर्षानुवर्षं जे वाद चालतात, त्यांतल्या कित्येकांत क्रिया दोन्ही बाजूंना मान्य असते. भांडण असतं ते क्रियाविशेषणावर. वकील म्हणजे तासाच्या हिशेबानं पैसे घेणारा वैयाकरण, एवढंच.

राजकारणात तर अव्ययाला मूळ अर्थानं अ-व्यय म्हणतात, कारण त्याला खर्च येत नाही. रस्ता बांधायला डांबर लागतं, 'युद्धपातळीवर' बांधतो म्हणायला काही लागत नाही. क्रियाविशेषणांची सर्वांत मोठी जाहीर परीक्षा महाराष्ट्रानं जून २०१७ मध्ये दिली. पुणतांबा गावात ठिणगी पडलेला शेतकऱ्यांचा संप १ जूनला सुरू झाला, आणि काही दिवसांतच सरसकट कर्जमाफीला तत्त्वतः मान्यता मिळाल्याची बातमी आली. निकष मागाहून ठरायचे होते. 'सरसकट' म्हणजे सगळ्यांची, 'निकषांसह' म्हणजे सगळ्यांची नव्हे, आणि या दोघांच्या मध्ये 'तत्त्वतः' हा शब्द रेफरीसारखा उभा. क्रियापदाबद्दल कोणाचाच वाद नव्हता, कर्ज माफ करायचं होतं. पुढे आलेल्या योजनेत दीड लाख रुपयांची मर्यादा आणि पात्रतेच्या अटी होत्या. पारावर बसून व्याकरणाची अशी सूक्ष्म चर्चा मराठी समाजानं क्वचितच केली असेल. ज्याला शाळेत क्रियाविशेषण ओळखता आलं नव्हतं, त्यालाही 'सरसकट' आणि 'तत्त्वतः' यांतलं अंतर रुपये-पैशांत सांगता येत होतं. विरोधकांनाही हे साधन वर्ज्य नाही. 'आमरण' हा अव्ययीभाव समास, 'मरेपर्यंत' असा त्याचा विग्रह. पण तो उपोषणाला लागला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिंबाच्या सरबतात विरघळतो. समास सुटतो आणि माणूस वाचतो, हे व्याकरणाचं नुकसान असलं तरी समाजाच्या फायद्याचंच आहे.

इथं दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप उभा राहतो. क्रियाविशेषणं इतकी फसवी असतील, तर ती वाक्याची मालक कसली, ती तर वाक्यातली भामटी! अनेक लेखनगुरूही शिष्यांना हेच बजावतात. अमेरिकी कादंबरीकार स्टीफन किंग यांनी २००० साली लेखनकलेवर पुस्तक लिहिलं, त्यातही क्रियाविशेषणांवर त्यांचा राग आहे. चांगलं क्रियापद निवडा, मग टेकू लागत नाही, असा या मंडळींचा सल्ला असतो. ज्या भाषेत चालीगणिक क्रियापद आहे तिला तो परवडतो. आपण 'डुबकन' काढला तर बेडूक कोरडा राहतो. राहिला फसवणुकीचा मुद्दा. तर मराठी क्रियाविशेषण खोटं बोलतं हे मान्य करू, पण ते इतकं नियमानं खोटं बोलतं, की त्यातून खरं काय ते हमखास कळतं. 'येतो' म्हणणाऱ्यासाठी पोळ्या जास्त लाटाव्यात, 'नक्की येतो' म्हणणाऱ्यासाठी लाटू नयेत. निश्चयदर्शक अव्ययाची गरज जिथं निश्चय कमी पडतो तिथंच लागते, हे कळायला व्याकरण नको, चार पाहुणे पुरेत. 'सहज आलो होतो' म्हणणारा कामाशिवाय आलेला नसतो, आणि ते काम तो निघताना, 'जाता जाता' या दुसऱ्या क्रियाविशेषणाच्या आधारानं सांगतो. 'खुशाल जा' यातला 'खुशाल' फारसीतून आनंदी स्थितीचा अर्थ घेऊन आला. मराठी स्वयंपाकघरात तो शिरला आणि आता 'खुशाल जा' ऐकून कोणी उंबरठा ओलांडत नाही. 'जरा' हा शब्दही तिकडून आलेला, तिथं त्याचा अर्थ कण. संस्कृतात मात्र 'जरा' म्हणजे म्हातारपण. खिडकीपलीकडचा कारकून 'जरा थांबा' म्हणतो तेव्हा तो फारसी बोलत असतो, आपलं थांबणं संस्कृतात होतं. आणि पंगतीत यजमान हात जोडून 'सावकाश होऊ द्या' म्हणतो, तेव्हा पाठीशी पुढची पंगत उभी असते. जेवणाऱ्याला त्या 'सावकाश' चा अर्थ बरोबर कळतो आणि तो ताकाची वाटी तोंडाला लावतो. इथं कोण फसलं? कोणीच नाही. यजमानाचं सौजन्य राहिलं, पंगत वेळेवर उठली. क्रियापदानं हेच उघड सांगायचं ठरवलं असतं तर 'उठा' म्हणावं लागलं असतं, आणि पुढे दोन पिढ्या सोयरीक झाली नसती.

तरीही क्रियाविशेषणाला अगदी मोकळं सोडावं असं नाही. मालक असलं तरी त्याला आपली जागा ठरवून घ्यावी लागते, आणि या बाबतीत ते भलतंच बेफिकीर असतं. 'तिनं हसत हसत रडणाऱ्या मुलाला उचललं' या वाक्यात हसतंय कोण? ती हसत असेल तर वात्सल्य, मूलच हसत हसत रडत असेल तर डॉक्टर. 'पोलिसांनी पळताना चोराला पकडलं' हे वाचून पोलीस नेमके कोणत्या दिशेनं पळत होते, अशी शंका येते. 'फक्त' हा शब्द तर घरात शिरलेल्या पाहुण्याच्या मुलासारखा, जिथं बसेल तिथं काहीतरी उलथवतो. 'फक्त मी पैसे दिले' ही तक्रार, 'मी फक्त पैसे दिले' ही सफाई, 'मी पैसे फक्त दिले' म्हणजे परत मागायचे आहेत याची पूर्वसूचना. मराठीत शब्दक्रम मोकळा आहे असं कौतुकानं सांगितलं जातं. पण हा मोकळेपणा कर्त्याला आणि कर्माला परवडतो, कारण त्यांच्या गळ्यात विभक्तीची ओळखपत्रं असतात. अव्ययाकडे ओळखपत्र नाही. ते शेजारी पाहूनच ओळखायचं. म्हणून क्रियाविशेषणाला त्याच्या क्रियेजवळ बसवावं, हा एक नियम लिहिणाऱ्यानं पाळला तरी पोलीस योग्य दिशेनं पळतील.

तर मुद्दा एवढाच, की 'विधेयविस्तार' या रकान्याचं नाव बदलायला हवं. घराचा दर्शनी भाग कर्त्याच्या नावावर असेल, सातबारा क्रियापदाच्या नावावर असेल, पण वहिवाट क्रियाविशेषणाची आहे. लोकांना हे व्याकरणाआधी कळलेलं असतं. दारातला पाहुणा 'येतो' म्हणतो तेव्हा त्या क्रियापदाला कोणी उत्तर देत नाही. घरातून उत्तर येतं ते 'सावकाश जा', 'पुन्हा या' असं. 'सावकाश', 'पुन्हा' ही दोन्ही क्रियाविशेषणं. पाहुणा पायरी उतरतो, थबकतो आणि वळून म्हणतो, 'जाता जाता एक सांगायचं राहिलं.' दिवा लावलेला असतो, तो तसाच ठेवावा लागतो. क्रियापदाच्या हिशेबानं पाहुणा अर्ध्या तासापूर्वीच गेलेला आहे.